लग्नावर टेप केलेला शेवटचा भाग

आमच्या घरी आईपप्पांच्या लग्नाची कॅसेट आहे आणि तिच्यात लग्न नाहीये.

खरं तर दोन कॅसेट होत्या. भाग दोन नंतर सीडीवर करून घेतला, तो मी लहानपणापासून बघत आलोय. त्यात पंगत आहे. जिलेबीला नको नको म्हणत ताट पुढं करणारे सगळे आहेत. मग पाठवणी, आणि तिथं आई एवढी रडते की कॅमेरावाल्यानं स्लो मोशन टाकून वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्यात. भाग एकमध्ये हळद, मंगलाष्टका, अक्षता, हार. म्हणजे मुळात लग्न. त्याच्यावर पप्पांनी मालिका टेप केली.

मी जन्मलो त्या दिवसाची गोष्ट. आई इथंच फलटणला दवाखान्यात होती आणि 'पाटबंधारे कॉलनी' या मालिकेचा दीड तासाचा शेवटचा भाग नेमका त्याच दिवशी संध्याकाळी. आई ब्लाउज शिवते. शिलाई मशीनवर बसून तिनं ती मालिका पहिल्या भागापासून बघितली होती. शेवट चुकणार म्हणून ती दवाखान्यात म्हणे माझ्याकडं बघायच्या आधी कॅलेंडरकडं बघत होती. पप्पा घरी आले, शेजारून व्हीसीआर मागून आणला आणि कपाटात हाताला लागली ती कॅसेट घातली.

आता लग्नाच्या कॅसेटच्या कडेचा प्लॅस्टिकचा बारका तुकडा दुकानवालाच मोडून देतो. कुणी चुकून वर टेप करू नये म्हणून. तुकडा नसला की मशीन टेप करतच नाही. पप्पांनी काय केलं, त्या खाचेवर सेलोटेप चिकटवला. त्यांना वाटलं ही धाकट्या काकाच्या साखरपुड्याची कॅसेट.

"त्याचा साखरपुडा मोडलाच होता की," हे त्यांचं आजपर्यंतचं स्पष्टीकरण.

आईनं हे प्रकरण कधी संपू दिलं नाही. घरात कात्री सापडली नाही, लाइटचं बिल सापडलं नाही, की ती म्हणणार, "बघा, त्याच्यावर पण काहीतरी टेप केलं असेल."

आता माझं सांगतो. मला जुन्या मालिकांचा नाद आहे. इंजिनिअरिंग वगैरे काही नाही, बारावीनंतर जे शिकलो ते व्हिडिओ बघून आणि हात भाजून घेऊन. जुन्या टेप, जुने प्लेअर, भंगारातून आणायचे आणि चालू करायचे. आमचा एक ग्रुप आहे, 'पडद्याआड' नावाचा. हरवलेल्या मराठी मालिका शोधणारे दोन-तीन हजार लोक. कुणी शीर्षकगीताच्या दोन ओळींसाठी वर्ष घालवलंय. ग्रुपचे मुख्य डोंबिवलीचे गुर्जरकाका. त्यांच्यासाठी 'पाटबंधारे कॉलनी'चा शेवटचा भाग म्हणजे देवच.

कारण तो कुणी बघितलाच नाही. ते दिवस लोडशेडिंगचे. त्या संध्याकाळी जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात लाइट गेली, फलटणला तेवढी राहिली. पुढं चॅनेल बंद पडलं, त्यांच्या टेप कुठं गेल्या कुणालाच माहीत नाही. गोष्ट अशी की कुमुद ही कालव्यावरच्या इंजिनिअरची बायको. तिला लांब गडचिरोलीकडं नर्सची ऑर्डर येते. नवरा जाऊ देत नाही. मग ती जाते की राहते? तिथं लाइट गेली. आमच्या ग्रुपवर यावरून लोकांनी एकमेकांना ब्लॉक केलंय.

आणि माझ्या आईनं तो भाग बघितलेला. ग्रुपवरची एकमेव साक्षीदार. ती पहिल्यापासून एकच सांगते, "राहिली ती. घरातच राहिली." पण पुराव्याशिवाय गुर्जरकाका ऐकायचे नाहीत.

पुरावा म्हणजे ती कॅसेट. तो व्हीसीआर महिनाभरात बिघडला, कॅसेट कपाटात गेली आणि तिला बुरशी लागली. कुठल्या साध्या मशीनमध्ये घातली असती तर भुगा झाला असता. म्हणून मी हात लावत नव्हतो.

मग हिऱ्याची सुई आली.

सोपं करून सांगतो. कॅसेटची पट्टी म्हणजे प्लॅस्टिकवर चोपडलेली लोखंडाच्या गंजाची पूड. प्रत्येक कण एक बारका लोहचुंबक. टेप करताना मशीन त्या कणांची तोंडं हवी तशी फिरवतं. दुसऱ्यांदा टेप केलं की आधीचं पुसून नवीन. पण जुन्या व्हीसीआरचा पुसणारा भाग कमजोर असायचा आणि लिहिणारा भाग जरा तिरका. घराला रंग देताना नाही का, स्विचबोर्डाच्या कडेनं जुना पोपटी रंग दिसत राहतो? तसंच. नव्या रेघेच्या कडेला जुन्याची बारीक किनार उरते.

ती किनार वाचायची कशी? तर सुईच्या टोकाला कारखान्यात बनवलेला हिरा. त्याच्यात मुद्दाम एक खोट ठेवतात, कार्बनचा एक अणू गायब आणि शेजारी नायट्रोजन. त्यावर हिरवा उजेड टाकला की तो लाल चमकतो, आणि जवळ लोहचुंबक आला की ती चमक कमी-जास्त होते. केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या जागेतलं चुंबकत्व असं नुसत्या उजेडानं वाचता येतं. मधलं तुटलेलं चित्र कॉम्प्युटर जुळवतो. आधी हे फक्त मोठ्या प्रयोगशाळेत होतं. तीन वर्षांपूर्वी भाड्यानं मिळायला लागलं.

आणि लोकांना येड लागलं. 'वर काय आहे' हे कुणी विचारेना. 'खाली काय होतं' हेच. पुण्यात रस्त्यारस्त्यावर दुकानं निघाली. क्रिकेट मॅचच्या खाली गॅदरिंग, पिक्चरच्या खाली गेलेले आजोबा. सगळं गोडच निघालं असं नाही. बारामतीच्या एकानं स्वतःचं बारसं खरवडलं तर खाली थोरल्या भावाचं बारसं निघालं. थोरला आता वडिलांशी बोलत नाही. "माझ्यावर ह्याला टेप केलं," म्हणतो. पन्नाशीचा माणूस!

मी सुई भाड्यानं आणली. कॅसेटच्या शेवटच्या कोऱ्या टोकावर दोन बोटं तपासून बघितलं. आणि सुई बाजूला ठेवली.

पट्टी एकदाच उलगडणार होती. बुरशीनं थर एवढे चिकटलेले की सुटतानाच पूड निघत होती. परत गुंडाळून दुसरी फेरी नाही. आणि सुई एका फेरीत एकच वाचते. मालिका हवी तर ती जरा वर, तरंगत ठेवायची. लग्न हवं तर पट्टीला टेकवून, किनारीवर. वर ठेवली तर किनार दिसत नाही, टेकवली तर वरचा थर खरवडून जातो.

लग्न किंवा मालिका.

जेवताना सांगितलं. मला वाटलं आई लग्न म्हणणार. कुठलीही बाई लग्नच म्हणेल ना?

"मालिका काढ," आई म्हणाली. "लग्न मी केलंय. त्यात बघायचं काय?"

"अगं शैला, काहीही काय!" पप्पांनी भाकरी ताटात ठेवली. "लग्नाची कॅसेट आहे ती."

"होती."

"तेच म्हणतोय. झाली चूक माझी. आता दुरुस्त होतीय तर होऊ दे की. रोजचं ऐकून कान किटले."

"म्हणजे माझं तोंड बंद करायला लग्न पाहिजे होय तुम्हाला?"

मी म्हणलं, "अर्धं-अर्धं करून बघू का?"

"अर्धं लग्न म्हणजे काय, साखरपुडा?" पप्पा म्हणाले.

तसंही ते जमणार नव्हतं. मी मिनिटं लावून बघितली होती. मंगलाष्टका आणि मालिकेचा शेवटचा प्रसंग पट्टीच्या त्याच तुकड्यावर, एकावर एक येत होते.

खरं सांगायचं तर मला मालिकाच पाहिजे होती. ग्रुपवर मी एक ओळ टाकली आणि फोन तापला. गुर्जरकाकांनी स्वतः फोन केला. 

"अरे राजा, लग्नं काय, महाराष्ट्रात रोज होतात! त्याला काही दर्जा नसतो. हा शेवट एकमेव आहे. तुझं नाव राहील."

"काका, ते माझ्या आईवडिलांचं लग्न आहे."

"सुखी आहेत ना? मग झालं. पुरावा कशाला पाहिजे?"

फोन ठेवला तर खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात मुलाखत देत होतो.

दुसऱ्या दिवशी पप्पा म्हणाले, चल रस पिऊन येऊ. पप्पा दूध संघात कॉम्प्रेसरवर होते, आता रिटायर. चार शब्दांत दिवस काढणारा माणूस. रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. अर्धा ग्लास संपेपर्यंत घुंगरंच बोलत होती.

"मंगलाष्टका ताईनं म्हणलेल्या," पप्पा एकदम म्हणाले.

ताई म्हणजे विमलआत्या, त्यांची मोठी बहीण. मी तिला बघितलेलं नाही. लग्नानंतर वर्षाच्या आत गेली ती.

"स्वतः लिहिलेल्या. सगळ्या पाहुण्यांची नावं घातलेली त्यात. महिनाभर भांडी घासताना चाल लावत होती. तिचा आवाज कुठंच नाही रे. फोटो आहेत. आवाज नाही. आता मला आठवत पण नाही नीट. आठवायला गेलं की दुसऱ्याच कुणाचा तरी येतो."

"मग आईला सांगा ना हे."

"नको. सांगितलं की ती लगेच मालिका सोडणार. परत माझ्यामुळं तिचंच गेलं. तुला म्हणून सांगितलं. बोलू नको कुठं."

घरी आलो तर आई मशीनवर. मी तिच्या शेजारी बसून ब्लाउजांना हुक लावायला घेतले. हे मला लहानपणापासून येतं.

"आई, खरं सांग. कुमुद राहिली हे सिद्ध करायचंय म्हणून चाललंय ना तुझं?"

"ते आहेच." तिनं दोरा तोडला. "पण तसं नाही रे. लग्न आमचं मोठ्यांनी ठरवलं. ह्यांना विचारलं पण नसेल, उभं राहा म्हणले, राहिले. पण ती मालिका ह्यांनी आपणहून टेप केली. ह्या माणसाला टीव्हीचं बटण माहीत नव्हतं. शेजारून मशीन आणलं, सेलोटेप लावला, दीड तास समोर बसून राहिले लाइट जाईल म्हणून. मी घरी आले तर म्हणले, 'तुझं ते लावू का?' तेवढंच. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हां, चालेल हा माणूस."

"मग आयुष्यभर टोमणे कशाला मारतीस?"

"मग काय आरती करू? आणि हे त्यांना सांगू नको. डोक्यावर बसतील."

झालं. आता दोघांचं माझ्याकडं, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. रात्रीच्या जेवणाला आमटी वाढून घेतली आणि सगळं ओकलो. आत्याचा आवाज, सेलोटेप, चालेल हा माणूस, सगळं.

पप्पा आमटीत बघत होते. आईनं पदर उगाच नीट केला.

मग पप्पा म्हणाले, "मालिकाच काढ."

"काही नाही, लग्न काढायचं," आई म्हणाली. "विमलताईंचा आवाज आहे त्यात आणि तुम्ही मला सांगत नाही? मी कोण आहे?"

"अगं, पण तुला ती मालिका…"

"मालिका गेली खड्ड्यात!"

"खड्ड्यात कशी जाईल? मी स्वतः टेप केलीय ती!"

म्हणजे भांडण तेच, फक्त पक्ष बदलले. आता पप्पा मालिकेसाठी आवाज चढवत होते आणि आई लग्नासाठी. मला हसू यायला लागलं, तर दोघं मिळून माझ्यावर घसरले. "तूच काय ते ठरव," आई म्हणाली. "मशीन तुझं आहे."

भाड्याचं होतं, पण ते जाऊ दे.

दोन दिवस मी काही केलं नाही. ग्रुपवर लोक मतदान घेत बसले होते. मालिकेला हजारावर मतं, लग्नाला सहा. त्यातलं एक बारामतीच्या त्या थोरल्या भावाचं असणार असा माझा अंदाज आहे.

मग आंघोळ करताना सरळ विचार केला. मालिकेचा शेवट निदान दोन डोक्यांत आहे. वेडावाकडा असेल, पण आहे. विचारलं की सांगतील. आत्याचा आवाज कुणाच्याच डोक्यात उरला नाही. जो भाऊ जन्मापासून तो ऐकत होता त्याला पण आठवत नाही. आवाज सांगता येत नाही. गोष्ट सांगता येते.

सुई टेकवली.

दुपारभर पट्टी उलगडत गेली आणि तिच्याखाली तपकिरी पूड साठत गेली. ती पूड म्हणजे कुमुद, हे मला माहीत होतं.  मी गुर्जरकाकांना कळवलं होतं. त्यांनी फक्त एक रडका चेहरा पाठवला आणि फोन बंद केला.

संध्याकाळी लावलं. चित्र राखाडी, पावसात खिडकीतून बघितल्यासारखं. रंग नाहीतच. पण माणसं कळत होती. अंतरपाटाच्या एका बाजूला पप्पा, मुंडावळ्या, मिशी एवढीशी.

"अगंबाई," आई म्हणाली. "किती घाबरलेत हे."

"मी? उकडत होतं."

"मला हे दिसलंच नव्हतं ना. माझ्यापुढं नुसता अंतरपाट. मला वाटायचं मी एकटीच घाबरलीय."

मग आवाज आला. बसका, गावाकडचा, जरा नाकातला. पप्पा पुढं सरकले. आत्या म्हणत होती, सुरात होती असं नाही, पण दणकून. मामांची नावं, आत्यांची नावं, बेळगावच्या पाहुण्यांची नावं, सगळं एका ओळीत कोंबायचं म्हणून ती श्वास न घेता पळत होती. मध्येच तिची ओळ चुकली. तिला काही सुचेना, आणि सवयीनं ती सरळ "सावधान" म्हणून मोकळी झाली. झालं! मांडवातल्या सगळ्या लोकांनी अक्षता टाकल्या. वाजंत्र्यांनी वाजवायला सुरुवात केली. भटजी दोन्ही हात वर करून ओरडतायत, "अहो थांबा, अजून दोन आहेत!" आणि आत्या माइक तोंडासमोर तसाच धरून हसत सुटली. खी खी खी, थांबेचना.

पप्पांनी डोळ्यांवर हात धरला. खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, मी विचारलं नाही.

"असंच हसायची," ते म्हणाले. "हेच. परत लाव."

परत लावलं. मग अजून बऱ्याच वेळा. आईनं जेवायला वाढायचं नाव काढलं नाही.

रविवारी मी ग्रुपवर लाइव्ह ठेवलं. म्हणलं, पट्टी गेली, पण बघितलेली माणसं आहेत, ती शेवट सांगतील. वाटलं वीस-पंचवीस येतील. दीड हजार आले. गुर्जरकाका पण आले, कॅमेरा बंद ठेवून.

आई मशीनपुढं बसली, पप्पा मागं खुर्चीत पेपर घेऊन. आईनं सुरुवात केली. तिला संवाद पाठ होते. नवऱ्याचा आवाज, सासूचा आवाज, शेजारच्या बाईचा ठसका, सगळं करून दाखवत होती. लोक खाली लिहीत होते, मावशी कमाल. शेवटच्या प्रसंगाला आली.

"नवरा आत झोपलेला असतो. आणि कुमुद म्हणते, 'दार लोटून घ्या, वारं सुटलंय.' मग गाणं. संपली. म्हणून मी म्हणते राहिली ती. जाणारी बाई कशाला दाराचं बघेल?"

मागून पेपर खाली आला.

"राहिली कुठं?" पप्पा म्हणाले. "गेली की."

"तुम्ही कधी बघितलं? मालिका लागली की तुम्ही पेपरात तोंड घालून बसायचा."

"टेप कोण करत होतं? समोर बसलो होतो मी. त्या वाक्याला खोलीत कुणी नसतंच. रिकामी खोली, पलंग, आणि उघडं दार. आवाज बाहेरून येतो. ती जीपमध्ये बसलेली असते, मागं कालव्याचा रस्ता. धूळ उडते. मग गाणं."

आई त्यांच्याकडं वळून बसली. कॅमेऱ्याकडं पाठ झाली, तिच्या लक्षात पण नव्हतं.

"मला हे दिसलं नाही."

"कसं दिसेल? तो शेवटचा प्रसंग आला की हा भोकाड पसरायचा." पप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "तू दर वेळी ह्याला घेऊन आत. आतनं ऐकायचीस."

"आणि एवढी वर्षं मी राहिली राहिली म्हणतीय, तुम्ही एकदा सांगितलं नाही?"

"तू कधी विचारलंस? आणि मी म्हणणार कसं, मी तर पेपर वाचत होतो ना."

गुर्जरकाकांचा कॅमेरा चालू झाला. नाक लाल होतं त्यांचं. "म्हणजे वहिनी… गेली?"

आईनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. 

"बरं झालं," आई म्हणाली. "बरं झालं गेली ते."

"मी पण तेव्हा हेच म्हणलो होतो," पप्पा म्हणाले.

"कुणाला?"

"तुलाच. तू आत होतीस."